ओसरीवरून : प्ररोचना

गेल्या वैशाखांत सुटीनिमित्त आमच्या घरीं चारी भावंडांचीं मुलेंनातवंडें जमलीं होतीं, आणि दुपारच्या जेवणानंतर ओसरीवर नेहमींप्रमाणें पत्त्यांचा डाव रंगला होता. आमची थोरली नात मात्र त्यांत नव्हती. ती झोपाळ्याच्या कडेला बसून हातांतील मोबाइलच्या पडद्याकडे पुनःपुन्हा पाहत होती, आणि प्रत्येक वेळीं तिचा चेहरा अधिकच उतरत होता. परीक्षेचा निकाल तर लागून गेलेला. शेवटीं आम्हीं जवळ बोलावून विचारलें, तेव्हां बरेच आढेवेढे घेऊन ती म्हणाली, "आजोबा, मी एक गोष्ट लिहिली आहे. तेवीस दिवस झाले. कोणी वाचतच नाहीं."

पस्तीस वर्षें ज्याचीं मुलांच्या वह्या तपासण्यांत गेलीं, त्यास हें दुःख नवें असावयाचें कारण नाहीं. तरी तिनें पुढें जें सांगितलें त्यांतील निम्में आम्हांस प्रथम उमगलें नाहीं. गोष्ट तिची होती, पण पात्रें तिचीं नव्हतीं. दुसऱ्याच्या कथेंतील आवडतीं पात्रें घेऊन, मूळ लेखकानें जें सांगितलें नाहीं तें आपण सांगावयाचें, अशा लेखनास ‘फॅन फिक्शन’ म्हणतात. आणि जगभरचीं लक्षावधि माणसें तें हौसेनें लिहितात व वाचतात, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें.

नातीनें निवडलेला प्रसंग असा. आर्थर कॉनन डॉईल यांनीं १८९३ च्या डिसेंबरांत ‘स्ट्रँड’ मासिकांतून शेरलॉक होम्स यास स्वित्झर्लंडमधील रायकेनबाख धबधब्यांत नाहींसें केलें, आणि वाचकांच्या व प्रकाशकांच्या आग्रहानें १९०३ मध्यें त्यास पुनः जिवंत केलें. कथेंतील कालगणनेप्रमाणें १८९१ पासून १८९४ पर्यंत लंडनांत बहुतेक सर्वजण होम्स मेला असेंच धरून चालले होते. बेकर स्ट्रीटवरील त्याच्या खोल्या मात्र भाऊ मायक्रॉफ्ट याच्या देखरेखीखालीं, घरमालकीण हडसनबाईंच्या हातून, जशाच्या तशा राखल्या गेल्या. डॉईलसाहेबांनीं एवढेंच सांगून विषय सोडला. आमच्या नातीनें नेमका तेथेंच धागा धरला. ज्या भाडेकरूचें प्रेतही मिळालें नाहीं, त्याच्या खोल्या रोज झाडणाऱ्या बाईच्या मनांत तीन वर्षें काय चाललें असेल, ही तिची गोष्ट.

आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. कोश शेजारीं घेऊन ती चार हजार शब्दांची गोष्ट वाचावयास आम्हांस दोन दुपारी लागल्या. परंतु हडसनबाई व्हायोलिनवरची धूळ पुसतांना फडकें अडकून एक तार वाजते आणि ती दचकून दाराकडे पाहते, त्या ठिकाणीं आम्ही कांहीं वेळ पुढें वाचूं शकलों नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. गोष्ट वाचनीय होती. मग ती कोणी कां वाचीत नव्हतें?

आमचे धाकटे बंधु बँकेंतून निवृत्त झालेले. उसनवारीविषयीं त्यांचीं मतें कडक. "दुसऱ्याच्या भांडवलावर चालविलेल्या दुकानांत गिऱ्हाईक आलें नाहीं, तर त्यांत नवल तें काय?" असें ते पत्ते पिसतां पिसतां म्हणाले. त्यांस आम्हीं विचारलें, भवभूतीचा राम कोणाचा? विदर्भांतील पद्मपुरच्या या कवीनें वाल्मीकीचीच कथा घेतली, आणि मूळ कथेंत जी सीता शेवटीं भूमीच्या पोटांत जाते, तिला ‘उत्तररामचरिता’च्या सातव्या अंकांत रामाच्या स्वाधीन केली. ज्या ग्रंथावर दुसरे ग्रंथ पोसले जातात त्यास आपल्याकडे ‘उपजीव्य’ म्हणतात, आणि अशा रीतीनें पोसलेलें काव्य तेवढ्यावरून हीन ठरत नाहीं. मोरोपंतांनीं (१७२९–१७९४) एकशें आठ रामायणें रचिलीं अशी प्रसिद्धि आहे. त्यांतील एक निरोष्ठ, म्हणजे ज्यांत ओंठ मिटून उच्चारावयाचा एकही वर्ण यावयाचा नाहीं. तेव्हां रामायण सांगावयाचें, पण ‘राम’ हें नांव घ्यावयाचें नाहीं, असा तो पेच! शिवाजी सावंतांचें ‘मृत्युंजय’ १९६७ मध्यें निघालें. कर्णाची कथा ठाऊक नाहीं असें घर महाराष्ट्रांत विरळा. तरीही लोकांनीं तें डोक्यावर घेतलें, कारण तेथें कर्ण स्वतःच्या तोंडानें बोलतो. बंधूंचें पूर्ण समाधान झालें असें नाहीं, परंतु पत्ते बाजूस ठेवून ते ऐकूं लागले.

आजच्या या प्रकाराचा इतिहासही मनोरंजक आहे. अमेरिकेंत ‘स्टार ट्रेक’ ही दूरदर्शनवरील मालिका १९६६ मध्यें सुरू झाली, आणि पुढच्याच वर्षीं तिच्या चाहत्यांनीं ‘स्पॉकानालिया’ नांवाचें हौशी नियतकालिक छापून आपसांत वाटलें. १९९८ मध्यें ‘फॅनफिक्शन डॉट नेट’ हें अशा कथांचें मोठें संग्रहस्थान इंटरनेटवर निघालें. पुढें २००७ मध्यें स्थापन झालेल्या एका विनानफा मंडळानें २००९ च्या नोव्हेंबरांत ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हें भांडार सर्वांस खुलें केलें. तेथें जाहिराती नाहींत, काम स्वयंसेवक पाहतात, आणि तेथें कोणीं आपल्या कथेचा व्यापार मांडूं नये असा दंडक आहे. २०१९ मध्यें या भांडारास विज्ञानकथेच्या क्षेत्रांतील मानाचें ‘ह्यूगो’ पारितोषिक मिळालें. आज तेथें एक कोटीहून अधिक कृति आहेत. आमच्या नातीची गोष्ट त्या एक कोटींतील एक.

हा आकडा ऐकून बंधु म्हणाले, "आषाढीच्या वाळवंटांत हरवलेलें पोर शोधावयाचें कसें?" प्रश्न रास्त होता. त्या भांडारांत यादी सामान्यतः ताज्या गोष्टीपासून सुरू होते. गोष्ट प्रसिद्ध झाली कीं क्षणभर ती सर्वांत वर असते. मागून दुसऱ्या आल्या कीं ती खालीं सरकते, पहिल्या पानावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून दहाव्यावर. दहाव्या पानावर कोण जातो? म्हणून यादींत जो दहापांच ओळींचा मजकूर दिसतो, त्यावरच वाचकास थांबवावयाचें किंवा गमवावयाचें. तो मजकूर म्हणजे शीर्षक, कथेची ओळख, आणि ती कोणत्या जातीची आहे हें सांगणाऱ्या खुणेच्या चिठ्ठ्या, ज्यांस ‘टॅग’ म्हणतात.

तो मजकूर आम्हीं नातीकडून वाचून घेतला, आणि रोगाचें मूळ तेथेंच सांपडलें. कथेची ओळख म्हणून तिनें लिहिलें होतें, ‘माझा पहिलाच प्रयत्न आहे. मला ओळख नीट लिहितां येत नाहीं. कृपा करून सांभाळून घ्या.’ आम्हीं विचारलें, "बाळ, यांत हडसनबाई कोठें आहे?" ती गप्प बसली.

नाट्यशास्त्रांत ‘प्ररोचना’ म्हणून एक अंग सांगितलें आहे. नाटक सुरू होण्यापूर्वीं सूत्रधारानें कवीची व कृतीची ओळख करून देऊन प्रेक्षकांचें मन तिकडे वळवावयाचें, ही ती प्ररोचना. आपल्यापुढें गर्दी आहे याची जाणीव कालिदासासही होती. ‘मालविकाग्निमित्रा’च्या आरंभीं सूत्रधाराचा सोबती त्यास हटकतो कीं, भास, सौमिल्ल, कविपुत्र यांच्यासारखे नांवाजलेले कवि असतांना या नव्या कालिदासाचें नाटक कशासाठीं? त्यावर सूत्रधार हात जोडून ‘सांभाळून घ्या’ असें म्हणत नाहीं. जुनें तेवढें चांगलें आणि नवें तेवढें वाईट असा नियम नाहीं, पारखून घ्या, असें तो सरळ सांगतो. ‘रघुवंशा’च्या आरंभीं तोच कालिदास विनय दाखवितो खरा, पण दोनतीन श्लोकांत तो विनय आटोपून, आपण कोणत्या राजांची कथा सांगणार आणि ते कसे होते, हें लगेच मांडतो. विनय उंबऱ्यापुरता असावा. उंबऱ्यावरच लोटांगण घातल्यास पाहुण्यास आंत यावयास वाट उरत नाहीं.

मग आम्ही दोघांनीं बसून नवी ओळख केली. कोण, कोठें, काय अडलें आहे, एवढ्या तीनच गोष्टी तींत याव्यात, आणि शेवट फोडूं नये, असें आम्हीं सुचविलें, शब्द तिचे. मराठींत सांगावयाचें तर ती अशी झाली : ‘१८९१. भाडेकरू मेला आहे, आणि भाडें वेळेवर येत आहे. हडसनबाई रोज खोली झाडते, आणि हें भाडें कशाच्या आशेवर येतें तें विचारावयाचें टाळते.’ शीर्षक पूर्वीं ‘हरवलेला’ अशा अर्थाचें होतें; त्या नांवाच्या गोष्टी शोधल्यावर पानभर निघाल्या. तिनें तें बदलून ‘खोल्या भाड्यानें देणें नाहीं’ असें केलें. हें आम्हांस सुचलें नसतें.

दुसरी चूक अधिक नाजूक होती. २०१० ते २०१७ या काळांत ब्रिटनच्या बी.बी.सी.नें होम्सच्या कथा आजच्या लंडनांत आणून ‘शेरलॉक’ ही मालिका दाखविली. तिच्यावर आधारलेल्या एक लाखाहून अधिक कृति त्या भांडारांत आहेत; डॉईलच्या मूळ पुस्तकांवरील कथांचें दालन त्या मानानें पुष्कळच लहान. नातीची गोष्ट १८९१ सालची, घोडागाड्यांच्या काळची. पण गर्दी पाहून तिनें ती मालिकेच्या दालनांत नेऊन ठेविली होती. शिवाय जी चिठ्ठी पाहून पुष्कळ वाचक येतात, पण जिचा तिच्या कथेशीं कांहीं संबंध नाहीं, तीही तिनें चिकटविली होती. आमच्या सूनबाई तांदूळ निवडीत सर्व ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "डब्यावर साखर लिहून आंत मीठ भरलें, तर चहा बिघडल्यावर मिठाचीही किंमत कळत नाहीं." याहून नेमकें आम्हांस सांगतां आलें नसतें. फसून आलेला वाचक दोन ओळींत परत जातो, आणि तें नांव लक्षांत ठेवतो. उलट, त्या भांडारांत स्वयंसेवक एकाच अर्थाच्या निरनिराळ्या चिठ्ठ्या एकमेकींस जोडून ठेवितात. त्यामुळें ज्यास हडसनबाईचीच गोष्ट हवी असेल, तो चिठ्ठी खरी असल्यास पांच वर्षांनींही तेथवर पोंचतो. पहिल्या दिवसाच्या गर्दीपेक्षां ही वाट अरुंद असली तरी ती बुजत नाहीं.

तिसरी गोष्ट वचनाची. पुष्कळ वाचक केवळ पूर्ण झालेल्याच गोष्टी निवडून मागवितात, कारण अर्धवट सोडलेल्या कथांनीं ते पोळलेले असतात. क्रमशः लिहावयाचें असेल तर वार ठरवून तो पाळावा. हरि नारायण आपटे यांनीं १८९० मध्यें ‘करमणूक’ साप्ताहिक काढलें, आणि ‘पण लक्षांत कोण घेतो’ त्यांतूनच हप्त्याहप्त्यानें लोकांच्या हातीं पडली. पुढच्या अंकाची वाट पाहणारा वाचक असा अंकामागून अंक निघाल्यानेंच तयार होतो. नवशिक्यानें मात्र आधीं लहान व पूर्ण गोष्ट द्यावी, आणि ती प्रसिद्ध करण्यापूर्वीं एखाद्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावी. त्या मंडळींत अशा तपासनिसास ‘बीटा रीडर’ म्हणतात. आमच्या धंद्यास एवढें रुबाबदार नांव कोणीं दिलें नव्हतें!

चौथी गोष्ट ऐकून आम्हांस विशेष आनंद झाला. ‘यूलटाईड’ नांवाचा एक उपक्रम २००३ पासून दरवर्षीं नाताळाच्या सुमारास चालतो. ज्या मूळ कृतींवर फारसें कोणी लिहीत नाहीं, त्यांवरील कथांची ही देवाणघेवाण. प्रत्येकानें आपणांस कोणती कथा हवी तें कळवावयाचें, आणि प्रत्येकानें दुसऱ्या एकाच्या मागणीप्रमाणें निदान एक हजार शब्दांची कथा लिहून भेट द्यावयाची. म्हणजे लिहिणाऱ्यास एक वाचक आरंभापासूनच ठरलेला, आणि तोही त्या कथेची वाट पाहत बसलेला. पंगतींत शंभर पानें वाढण्यापूर्वीं एका पाहुण्याच्या आवडीचें करून पाहावें, तसेंच हें.

पांचवें, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें. आम्हीं तिला विचारलें, "या तेवीस दिवसांत तूं इतरांच्या किती गोष्टी वाचल्यास?" ती म्हणाली, "पुष्कळ." "आणि किती जणांस तसें कळविलेंस?" यावर उत्तर आलें नाहीं. त्या भांडारांत कथा आवडल्याची खूण करावयास एक बटन असतें. तें एका वाचकानें एका कथेस एकदांच दाबावयाचें. त्याखालीं चार ओळी लिहिण्यास मोकळी जागाही असते. बहुतेक लोक वाचतात आणि मुकाट्यानें निघून जातात, जशी आमची नात गेली. जो तो वाचक मागतो, आणि वाचल्याची पोंच कोणीच देत नाहीं, असा हा बाजार. तेव्हां प्रथम आपण चांगला वाचक व्हावें. कोणतें वाक्य मनांत राहिलें तें नांवानिशीं सांगावें. ‘मी तुझी वाचली, आतां तूं माझी वाच’ असा हिशेब मात्र करूं नये. तो समोरच्यास लगेच कळतो. आपल्या साहित्यशास्त्रांत रसिक वाचकास ‘सहृदय’ म्हटलें आहे, आणि सहृदयांचीं घरें एकमेकांच्या जाण्यायेण्यानेंच जोडलीं जातात.

वडील मंडळींसाठीं दोन शब्द. त्या भांडारांत सर्वच लेखन मुलांनीं वाचण्याजोगें नसतें. बहुतेक कथांवर ती कोणत्या वयास योग्य याची खूण असते, आणि तेरा वर्षांखालील मुलांस तेथें सभासद होतां येत नाहीं. त्या खुणांचा अर्थ मुलांबरोबर बसून समजून घ्यावा, आणि लेखनास टोपणनांव घ्यावयास सांगावें. मोबाइल काढून घेणें हा सर्वांत सोपा उपाय आहे. पण मोबाइलबरोबर गोष्टही जाते.

येथवर आम्हीं मोठ्या शहाणपणानें उपदेश केला. परंतु त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं, आणि त्याचें कारण सांगितल्यावांचून हा लेख पुरा करणें बरें नव्हे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील नववीच्या एका मुलानें शाळा सुटल्यावर आमच्यापुढें एक वही ठेविली. पाठ्यपुस्तकांतील एका धड्याच्या नायकाचें पुढें काय झालें, तें त्यानें सोळा पानांत लिहिलें होतें. आम्हीं ती वही घरीं नेली, तांबड्या शाईनें ऱ्हस्वदीर्घाच्या एकतीस चुका दाखविल्या, खालीं ‘अभ्यासाकडे लक्ष द्यावें’ असा शेरा मारला, आणि दुसऱ्या दिवशीं ती परत केली. मुलगा नमस्कार करून गेला. गोष्ट कशी होती? खरें सांगावयाचें तर ती आम्हांस आठवत नाहीं, कारण आम्हीं ती वाचलीच नव्हती, तपासली होती. त्यानें पुन्हा कांहीं आणून दाखविलें नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका लग्नांत तो भेटला, आपल्या मुलांस आमच्या पायांवर घातलें. "लिहितोस कीं नाहीं?" असें आम्हीं विचारलें, तेव्हां तो मोकळेपणानें हंसून म्हणाला, "छे, गुरुजी! तें केव्हांच राहिलें." त्याच्या मनांत कसलाही सल दिसला नाहीं. आमच्या मनांत आहे.

त्या मुलास लाखों वाचक नको होते. त्याला एक हवा होता, आणि तो आम्हीं व्हावयास पाहिजे होतें. म्हणून हें सदर वाचणाऱ्या घरांस आमची विनंति आहे. आपल्या घरांतील कोणी मूल कांहीं लिहून दाखवील, मग तें कोणत्याही भाषेंतील आणि कोणाच्याही पात्रांचें असो, तर तें पहिल्यानें शेवटपर्यंत वाचावें. कोणती जागा आवडली ती बोट ठेवून सांगावी. चुका दुसऱ्या दिवशीं दाखवाव्या. त्या कोठें पळून जात नाहींत.

नातीनें त्या आठवड्यांत गोष्ट योग्य दालनांत हलविली, खोटी चिठ्ठी काढली, आणि इतरांच्या सहा कथांवर मनापासून अभिप्राय लिहिले. वाचकांची झुंबड उडाली असें मुळींच नाहीं. आषाढ लागेपर्यंत सारीं मिळून कांहीं डझन माणसें तिच्या गोष्टीकडे फिरकलीं असतील. परंतु एके सकाळीं ती धांवत आली आणि पडदा आमच्यापुढें धरिला. कोणा अनोळखी वाचकानें चार ओळी लिहिल्या होत्या, आणि त्यांतील दोन त्या व्हायोलिनच्या तारेविषयीं होत्या. आम्हीं चष्मा लावून त्या दोनदां वाचल्या. "आजोबा, तुम्हीसुद्धां तेथेंच थांबलां होतां ना?" असें ती म्हणाली.

आतां ती दुसरी गोष्ट लिहीत आहे. कोणाची, तें अद्याप सांगत नाहीं. आम्हीं मात्र इंग्रजी कोश कपाटांत परत ठेविलेला नाहीं.